नाकातला काटा

साळिंदर काटे फेकून मारते, असे माण-खटावच्या माळावर आजही कोणी ना कोणी छातीठोकपणे सांगतो. ते पाठ वळवते, अंग झटकते आणि काटे बाणासारखे सुटतात. दहा हातांवर उभ्या असलेल्या कुत्र्याच्या नाकात जाऊन बसतात. सांगणाऱ्याने स्वतः हे पाहिलेले नसते, त्याच्या चुलत्याने पाहिलेले असते. या चुलत्यांची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने निसर्गावर जो अवाढव्य ग्रंथ लिहिला, त्यात साळिंदर भारतात आणि आफ्रिकेत होते अशी नोंद करून त्याने हीच गोष्ट सांगितली आहे. अंगावर येणाऱ्या कुत्र्यांची तोंडे ते भोसकते आणि जरा लांब असलेल्यांवर काटे फेकते, असे त्याचे म्हणणे. त्यातले पहिले खरे, दुसरे खोटे.

साळिंदराला काटा फेकता येत नाही. काटा म्हणजे शेवटी केसच, जाड आणि टणक झालेला. मानेवरचे आणि खांद्यावरचे काटे लांब, बारीक आणि लवचिक असतात; काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे तेच डोळ्यांत भरतात, पण त्यांचा उपयोग मुख्यतः आपण आहोत त्यापेक्षा मोठे दिसण्यापुरता. खरे हत्यार पाठीमागे, लांब काट्यांच्या आड दडलेले असते: आखूड, जाड, सुईसारख्या टोकाचे काटे. शेपटीच्या टोकाला आणखी एक प्रकार असतो, पोकळ आणि उघड्या तोंडाचा. शेपूट हलली की हे काटे एकमेकांवर आपटून खुळखुळ्यासारखे वाजतात. ही सूचना असते. कोल्हा, बिबट्या असले जाणते प्राणी ती बहुधा मानतात. कुत्रा भुंकत पुढे जातो. मग बारा-पंधरा किलोचा तो ऐवज झटक्यात पाठ फिरवून उलट्या पायांनी कुत्र्यावर येऊन आदळतो. काटे कातडीत सैलच बसलेले असतात. ते ज्याच्या अंगात घुसतात त्याच्याच अंगात राहतात. कुत्रा केकाटत मागे सरतो तेव्हा नाक, ओठ, जीभ, छाती, पुढचे पाय यांवर काटे उभे असतात, आणि अंधारात लांबून पाहणाऱ्याला ते फेकल्यासारखेच वाटतात.

साळिंदर स्वतःहून कुत्र्याच्या वाटेला जात नाही, हे मात्र खरे. त्याला हवे असतात भुईमूग, रताळी, बटाटे, मक्याची कणसे, झाडांची मुळे आणि साल. सातारा-सांगलीकडे कुत्र्यांच्या आणि गुरांच्या अंगातून काटे काढण्याचा इतिहास सांगायचा तर साळिंदराबरोबर कुत्र्याचा सांगावा लागतो, आणि त्याहून जास्त कुत्र्याला अंधारात पुढे घालणाऱ्या माणसाचा.

जुन्या भाषेने ही गोष्ट नावातच टिपून ठेवली आहे. संस्कृतात साळिंदराला ‘श्वाविध्’ म्हणतात. श्वा म्हणजे कुत्रा, विध् म्हणजे वेधणारा, भोसकणारा. काळे-पांढरे काटे, बिळातली राहणी, शेपटीचा खुळखुळाट, पिकांची नासाडी यांतले काहीही नाव ठेवणाऱ्याला महत्त्वाचे वाटले नाही. कुत्र्याला टोचतो तो, एवढे पुरले. ज्याने हे नाव ठेवले त्याने कुत्रा पाळलेला असणार आणि एखाद्या पहाटे त्याच्या थोबाडातून काटे उपसलेले असणार, असे मानायला हरकत नाही. हे नाव अथर्ववेदात येते. सापाच्या विषावरच्या एका सूक्तात डोंगरावरून खाली उतरणारी श्वाविध् बोलते. ज्याचे रान डोंगराला लागून आहे त्या पाटण-जावळीच्या शेतकऱ्याला या वर्णनात काही गूढ वाटणार नाही. दिवस मावळला की ती उतरते आणि उजाडायच्या आत परत चढते.

दुसरे नाव शल्यक. शल्य म्हणजे बाणाचे टोक, अंगात रुतलेली कोणतीही परकी वस्तू, त्यावरून शल्यक. मराठीतली साळ, साळू, सायाळ ही सगळी याच गोतावळ्यातली. साळिंदर हे नाव सातारा-सांगलीकडे जास्त ऐकू येते, सायाळ विदर्भाकडे. ग्रंथकारांनी श्वाविध् आणि शल्यक हे दोन वेगळे प्राणी मानले. रामायणात बाण लागून पडलेला वाली रामाशी हुज्जत घालतो तेव्हा पाच नखांच्या प्राण्यांपैकी खाण्यास चालणारे पाचच, असे म्हणून शल्यक, श्वाविध्, घोरपड, ससा आणि कासव मोजून दाखवतो. माकड त्यात नाही, मग मला का मारलेस, हा त्याचा मुद्दा. मनुस्मृतीने तर दोघांना चोरांचे पुढचे जन्म करून टाकले: शिजवलेले अन्न चोरणारा श्वाविध् होतो, न शिजवलेले चोरणारा शल्यक. भुईमुगाच्या वावरात सकाळी नुसती टरफले पाहणारा शेतकरी दुसऱ्या निवाड्याला लगेच मान डोलवेल.

खाण्यास चालणारा, ही नोंद महत्त्वाची आहे. साळिंदराचे मांस सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेले. त्याची शिकार म्हणजे बिळाची शिकार. बिळाला तोंडे अनेक. एक सोडून बाकीची दगडांनी बुजवायची, आत धूर सोडायचा, उघड्या तोंडाशी कुत्री धरायची. ही सगळी योजना कुत्र्यावर उभी. वास काढून बीळ दाखवणारा तोच, आणि बाहेर पडणाऱ्या जनावराला अडवणाराही तोच. टी. सी. जर्डन या इंग्रज डॉक्टरने भारतातल्या सस्तन प्राण्यांवर १८६७ साली पुस्तक काढले. निलगिरीत कुत्र्यांच्या साहाय्याने, वास काढत बिळापर्यंत जाऊन आपण अनेक साळिंदरे मारली, असे त्याने त्यात लिहिले आहे. काटे घुसून कुत्र्यांना बहुधा गंभीर इजा होते, एवढेही तो सांगतो; पण त्यापुढे त्यांचे काय झाले ते सांगत नाही. शिकारीच्या पुस्तकांची ही जुनी खोड: साळिंदरे किती मारली ते कळते, कुत्र्याच्या नाकातून किती काटे निघाले ते कळत नाही.

सातारा-सांगलीचा मुलूख पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने बदलतो. महाबळेश्वर, कोयना, चांदोली इथे पाऊस कोसळतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला दहिवडी, आटपाडी, जत इथे तो रुसलेला असतो. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढला, तो ‘दक्षिण सातारा’. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. साळिंदराला या रेषेशी आणि पावसाच्या आकड्यांशी फारसे देणेघेणे नाही. घाटातल्या दाट झाडीत ते आहे, माणदेशातल्या बोडक्या टेकड्यांच्या कपारीत आहे आणि अधेमधे ओढ्याच्या दरडीतही आहे. जिथे बीळ करायला जागा आणि रात्री उकरायला कंद, तिथे त्याचे भागते.

कुत्री मात्र प्रदेशाप्रमाणे वेगळी. जत, आटपाडी, सोलापूर या पट्ट्यात लांब पायांची, निमुळत्या तोंडाची, आत ओढलेल्या पोटाची कारवानी कुत्री असतात. सीमेपलीकडे मुधोळ संस्थानात घोरपड्यांनी वाढवलेली मुधोळ कुत्री याच घराण्यातली. हे कुत्रे डोळ्यांनी शिकार करते. उघड्या माळावर दिवसाउजेडी ससा उठला की त्याच्यामागे वाऱ्यासारखे सुटायचे, हा त्याचा धर्म. साळिंदर रात्रीचे, त्यामुळे धावण्याच्या शर्यतीत या दोघांची गाठ क्वचितच पडते. काटे जास्त करून खातो तो दुसरा कुत्रा: धनगराच्या वाड्याभोवती रात्रभर फिरणारा, नाकाने आणि कानाने जागणारा, भरदार केसांचा राखण्या.

धनगराचा वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. पावसाळा सरला की माण, खटाव, आटपाडी, जत इथले मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात. कोणी कृष्णाकाठी, कोणी घाट उतरून कोकणात. घोड्यावर संसार, पुढे मेंढरे, आणि मुक्काम पडेल तो वाडा. शेतकरी आपल्या वावरात मेंढरे बसवून घेतो, रात्रभराच्या लेंड्या-मुताचे खत मिळते म्हणून. मोबदला धान्याने किंवा पैशाने. म्हणजे कळप झोपतो तो नेमका पिकांच्या शेजारी, जिथे साळिंदर चरायला येते. लांडग्यासाठी ठेवलेला कुत्रा साळिंदरावर जातो. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ च्या ‘बनगरवाडी’तून धनगरांचे जग मराठी वाचकापुढे ठेवले, ते याच माणदेशातले. त्या मुलुखात कुत्रा हा कळपाच्या हिशेबातला एक जीव असतो. तो चार दिवस आडवा झाला तर माणसाला त्याच्या जागी जागावे लागते.

या मुलुखात कुत्र्याला देवाच्या दारातही जागा आहे. कराड तालुक्यातल्या पालीत तारळी नदीकाठी खंडोबा आहे. खंडोबासोबत कुत्रा असतो, आणि त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात; काही विधींत कुत्र्यासारखे भुंकतात, कोटंब्यातला प्रसाद खातात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंढपाळ, त्याचा देव आणि त्याचा कुत्रा यांची गाठ किती घट्ट आहे हे अशा कामातून शहरी वाचकांपर्यंत पोचले.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीत, एका कुत्र्याची समाधी आहे. हा छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागीर लिहून दिली, पालखीचा मान दिला. पालखीचा सरंजामही खरोखर चालवला गेला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे सांगितले आहे, अर्थात म्हाताऱ्या राजाची लहर म्हणून. कुत्र्याला जरीचे कपडे, रत्ने आणि स्वतःचा मंदिल घालून महाराजांनी दरबारात बसवले, ही हकीकतही त्याचीच. डफला त्यात वेड दिसले. रात्री कुत्र्याच्या भरवशावर झोपणाऱ्या माणसाला तेवढे वेड दिसणार नाही.

आता काटा काढण्याकडे. शल्य या शब्दावरून साळिंदराचे नाव आले, आणि त्याच शब्दावरून शस्त्रक्रियेच्या विद्येचेही: शल्यतंत्र. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेल्या वस्तू शोधण्याला एक अध्याय आणि काढण्याला दुसरा. यंत्रे १०१ सांगितली आहेत, पण त्या सगळ्यांत प्रमुख यंत्र म्हणजे वैद्याचा हात, असेही सांगून ठेवले आहे. चिमट्यांपैकी कंकमुख, म्हणजे कंक पक्ष्याच्या लांब चोचीसारखा, सर्वांत उपयोगी मानला आहे. ‘संदंश’ हा आणखी एक प्रकार. मराठी स्वयंपाकघरातली सांडशी त्याच्याच वंशातली. काढण्याच्या दिशा दोन: आला त्याच वाटेने उलटे ओढणे, किंवा फार आत गेला असेल तर पुढच्या बाजूने काढणे. आणि कातडीखाली गडप झालेले शल्य सापडत नसेल तर तिथे थिजलेले तूप किंवा मातीचा लेप लावायचा. जिथे तूप आधी वितळेल किंवा लेप आधी सुकेल तिथे आत काही तरी आहे. सूज आली की ती जागा गरम होते, या निरीक्षणावर बसवलेली ही तपासणी आहे. हाडात अडकलेले शल्य घोड्याच्या लगामाला बांधून घोड्याला चाबूक मारायचा, म्हणजे तो डोके झटक्यात वर उचलतो आणि शल्य निघते, हाही उपाय त्यात आहे. कुत्र्याच्या बाबतीत तो कोणी केला नसावा.

मेंढपाळाने सुश्रुत वाचलेला नव्हता, पण त्याचे हात त्याच वाटेने गेले. कुत्र्याला घोंगडीत गुंडाळायचे, एकाने मानेवर आणि एकाने कमरेवर बसायचे, तोंड चिंधीने बांधायचे किंवा जबड्यात लाकूड आडवे घालायचे, आणि काट्याला बुडाशी, कातडीला अगदी लागून पकडून ज्या रेषेत घुसला त्याच रेषेत ओढायचा. वाकवायचा नाही, पिरगाळायचा नाही. पूर्वी चिमटा, नंतर पक्कड. जखमेवर हळद आणि तेल. सांगलीच्या पेठेत हळदीला काय तोटा.

इथे अमेरिकेचे शहाणपण आयात करून चालत नाही. तिकडचे साळिंदर वेगळ्या कुळातले आणि झाडावर चढणारे. त्याच्या काट्याच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारे उलटे दाते असतात. २०१२ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले की या दात्यांमुळे काटा घुसताना कमी जोर लागतो आणि निघताना जास्त. आपल्या साळिंदराच्या काट्याला असे दाते नाहीत. त्यामुळे तो गुळगुळीत निघतो, निदान निघायला हवा. पण तो जाड असतो, खोल जातो, आणि कुत्रा पंजाने तोंड खरवडून त्याचे तुकडे करतो. कुत्र्याला नुकसान होते ते बहुधा या तुकड्यांनी. आत राहिलेले टोक स्नायूंच्या हालचालीबरोबर सरकत राहते. नाकाजवळ घुसलेले डोळ्याकडे, छातीत घुसलेले फुप्फुसाकडे. त्याच्याभोवती पू धरतो. काट्याचे टोक कापले की आतली हवा जाऊन तो सैल पडतो, ही जगभर पसरलेली समजूत अशाच तुकड्यांना जन्म देते.

गुरांची कथा थोडी निराळी. बैल किंवा गाय साळिंदरावर चालून जात नाही. शिकार हा तिचा धंदा नव्हे. पण वासरू चौकस असते आणि खोंड त्याहून. दावणीजवळ खुळखुळणारे काय आले हे बघायला ते नाक पुढे करते. एरवी गळून पडलेले काटे बांधावर, गवतात, कडब्यात सापडतात. चरताना ते ओठात, हिरडीत, खुरांच्या बेचक्यात घुसू शकतात. कुत्रा ओरडून सांगतो, जनावर सांगत नाही. ते वैरणीला तोंड लावत नाही, पाण्यावरून परत येते, लंगडते, आणि मालकाला काटा दिसतो तो तीन दिवसांनी, भोवती सूज चढल्यावर. खिलार बैल म्हणजे खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत हजारोंचे मोल असलेले धन; त्याच्या लंगडण्याची धास्ती मालकाला कुत्र्याच्या केकाटण्यापेक्षा अर्थातच मोठी. लंगड्या जनावराला तापल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत गावोगाव होती. आत काटा असताना वरून डाग दिला की दुखणे दुप्पट.

सरकारी पशुवैद्यक या प्रदेशात आले ते काट्यासाठी नव्हे, बुळकांडीसाठी. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. गुरांचे साथीचे रोग, त्यातही बुळकांडी, हा तिचा मुख्य विषय. पुण्यासारख्या गजबजलेल्या गावात असले जंतू हाताळणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती उचलून कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. बुळकांडी गावेच्या गावे रिकामी करत असे. तिच्यापुढे काट्याला कोण विचारतो? काटा हा गावाचा घरगुती मामला राहिला: तुमचा कुत्रा, तुमची पक्कड.

आणि तरी साळिंदराच्या काट्याची जगात सर्वांत गाजलेली केस याच मुक्तेश्वरची निघाली. जिम कॉर्बेटने १९४४ च्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये माणसे वाघाचे भक्ष्य का होतात याची कारणे देताना तिचा दाखला दिला. तरुण वाघीण, साळिंदराशी गाठ पडली, एक डोळा गेला आणि पुढच्या उजव्या पायात व पंजाखाली पन्नासएक काटे घुसले. एक इंचापासून नऊ इंचांपर्यंत. काही काटे हाडावर आपटून इंग्रजी यू अक्षरासारखे वळले होते. दातांनी ते उपसायच्या खटपटीत जखमा चिघळल्या. गवतात पडून जखमा चाटत असताना गवत कापणारी एक बाई तिच्या अगदी जवळ येऊन ठेपली, आणि तिथून सुरुवात झाली. कॉर्बेटची गोळी लागेपर्यंत तिने २४ माणसे मारली. ज्या डोंगरावर देशभरच्या गुरांसाठी लस तयार होत होती, त्याच्याच आसपास काट्यांनी जायबंदी झालेली ही वाघीण फिरत होती. तिला घोंगडीत गुंडाळून मानेवर बसणारे कोणी नव्हते.

काट्याची दुसरी, सौम्य कारकीर्दही सांगायला हवी, कारण तीही याच मुलुखातल्या घरांत चालली. गर्भवतीच्या सीमंतोन्नयन संस्कारात पती तिचा भांग पाडतो तो साळूच्या काट्याने. गृह्यसूत्रांनी त्यासाठी तीन पांढरे पट्टे असलेला काटा सांगितला आहे, ‘त्रेणी शलली’. सोबत दर्भ आणि उंबराच्या कच्च्या फळांचा घोस. म्हणजे एकाच गावात एखाद्या वाड्यातल्या पेटीत हा काटा सोवळ्यात जपलेला, आणि वेशीबाहेरच्या पालावर तोच कुत्र्याच्या जिभेतून ओढून फेकलेला. त्यात पुन्हा एक लोकसमजूत: साळूचा काटा घरात राहिला, किंवा कोणी वैराने उंबऱ्यात पुरला, तर त्या घरात भांडणे लागतात. भांग पाडणारा काटा शुभ आणि उंबऱ्यातला अशुभ, याची सांगड कोणी घातल्याचे दिसत नाही. दोन्ही समजुती शेजारी शेजारी सुखाने नांदल्या.

शिकारीचे दिवस कायद्याने संपवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साळिंदर चौथ्या अनुसूचीत होते. त्या वेळी ही यादी छोट्या शिकारीच्या प्राण्यांची, आणि परवाना काढून शिकार शक्य होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेले. बिळाशी कुत्री धरणे हा आता गुन्हा आहे. कायदा आला म्हणून रानातले सगळे चोरीछुपे प्रकार थांबले असे म्हणणे भाबडेपणाचे, पण बिळाच्या तोंडाशी उघडपणे जमणारा गाव आता दिसत नाही, हे नक्की.

त्याच काळात रानेही पुन्हा उभी राहिली. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या चिकाटीने झाडे लागली, हरणे सोडली गेली, आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. जेमतेम ११ चौरस किलोमीटरच्या त्या जागेत तरस, कोल्ह्यांबरोबर साळिंदरेही आहेत. पश्चिमेला कोयना आणि चांदोली जोडून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कृष्णाकाठी उसाचे फड वर्षभर उभे असतात, आणि लपायला असा आडोसा पूर्वी कधी नव्हता. शिकार थांबली आणि आसरा वाढला, तर साळिंदराची आणि पाळीव कुत्र्याची गाठ कमी होण्याचे कारण उरत नाही. फरक एवढाच की आता कुत्र्याला बिळावर कोणी धाडत नाही. वस्तीवरच्या घरासमोर मोकळा सोडलेला कुत्रा आपला आपणच जातो.

पक्कड मात्र हळूहळू मागे पडते आहे. पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदीकाठच्या शिरवळला १९८८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले. त्याला प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. गावोगाव गुरांचे दवाखाने आहेत, आणि १९६२ हा क्रमांक फिरवला की फिरते पथक दारात येते. योगायोग असा की काटे काढण्याचे काम ज्या औषधाने सोपे केले, ते झायलाझिन जर्मनीतल्या बायर कंपनीत तयार झाले तेही १९६२ सालीच. या सुईने कुत्रा झोपतो, जबडा सैल पडतो, आणि जिभेखालचे, टाळूतले, घशाशी गेलेले काटेही दिसतात. घोंगडी आणि दोन माणसांचे वजन यांनी ते कधी दिसत नव्हते. गाईबैलांना हे औषध फार लवकर चढते; घोड्याला लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शातच काम होते. म्हणून जनावर आधी खोड्यात घ्यायचे आणि मात्रा मोजून द्यायची. दोन-चारच काटे असतील तर वेसण धरून, जागा बधिर करून भागते.

काही गोष्टी मात्र नव्या दवाखान्यालाही अवघड जातात. मोडून आत राहिलेला काटा एक्स-रेत नीट उमटत नाही. तो केसाच्या जातीचा, हाडाच्या नव्हे. सोनोग्राफीत तो सापडू शकतो, पण ते यंत्र तालुक्याच्या ठिकाणी असेलच असे नाही. मग बोटांनी चाचपणे, गरम लागणारी जागा शोधणे आणि पू कुठून येतो ते बघणे हेच राहते. आणखी एक इशारा पशुवैद्य नेहमी देतात. लाळ गाळणारा, जबडा न मिटणारा कुत्रा दिसला की घशात काटा अडकला असेल म्हणून मालक सरळ हात घालतो. पिसाळलेल्या कुत्र्याचेही लक्षण हेच. बाहेर काटे दिसत नसतील तर त्या तोंडात हात घालू नये.

काम उरकले की पत्र्यावर काटे ओळीने मांडून मोजतात, प्रत्येकाचे टोक शाबूत आहे ना ते बोटाने पाहतात. टोक नसलेला काटा बाजूला ठेवतात आणि त्याची जागा पुन्हा चाचपतात. आणि हिशेब जुळला की घरातले कोणी तरी मोठे माणूस ते सगळे कागदात गुंडाळून वस्तीपासून लांब, ओढ्याच्या पल्याड टाकून यायला सांगते. उंबऱ्याच्या आत एकही राहता कामा नये.